रक्तदाबाचे माप : पाऱ्याच्या नळीपासून बिनतारी पट्टीपर्यंत



वैशाखातला उकाडा नुकताच ओसरला आहे, पटांगणात थोडा वारा सुटला आहे, आणि अशा वेळी मी रक्तदाबासारखा दवाखान्यातला विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, हे काहीसे अरसिकपणाचे दिसेल याची मला जाणीव आहे. परंतु समोरच्या रांगांकडे पाहिले म्हणजे मला धीर येतो. आपल्यापैकी बरेच जण आज सकाळी चहाबरोबर एक लहानशी गोळी घेऊन आलेले असणार. घरून निघताना कुणाची सून, कुणाची मुलगी "बाबा, जिना सावकाश चढा" असे बजावूनही गेली असेल. शिवाय इथल्या तरुण मंडळींच्या मनगटांवर जी घड्याळे आहेत त्यांपैकी काही केवळ वेळ सांगत नाहीत. धन्याच्या नाडीचे ठोके मोजून ते खिशातल्या दूरध्वनीला बिनतारी कळवतात. आता तर अशीच घड्याळे, अंगठ्या आणि कातडीवर चिकटवण्याच्या पट्ट्या रक्तदाबही सांगू लागल्या आहेत. म्हणजे विषय दवाखान्यातून उठून आपल्या मनगटावर येऊन बसला आहे. तेव्हा तो इथवर कोणत्या वाटेने आला, हे पाहण्यात एक संध्याकाळ गेली तर ती अगदीच वाया जाणार नाही.

रक्तदाबाच्या मापनाचा इतिहास म्हणजे यंत्रांची यादी, अशी पुष्कळांची समजूत असते. मला तो तसा वाटत नाही. या इतिहासाच्या पोटात एकच प्रश्न पुन:पुन्हा डोके वर काढताना दिसतो : आपण जे मोजले ते त्या माणसाचे खरे माप, की मोजण्याच्या क्रियेनेच बिघडलेले माप? हा प्रश्न हाती धरून चालले म्हणजे वाटेतली वळणे आपोआप उलगडतात.

आपल्याकडे वैद्यांनी मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची चाल फार जुनी. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. वाताची नाडी सर्पासारखी वा जळवेसारखी, पित्ताची कावळ्यासारखी वा बेडकासारखी, कफाची हंसासारखी वा पारव्यासारखी, अशी ती सांगण्याची रीत. चीनमध्ये आणि ग्रीक वैद्यकातही नाडीचे असेच मोठे शास्त्र होते. या उपमांना हसण्याचे कारण नाही. बोटांच्या टोकांना जे सूक्ष्म भेद कळतात ते भाषेत आणायचे तर उपमेवाचून उपाय नव्हता. मात्र त्यात एक उणीव होती. एका वैद्याला जाणवलेला हंस दुसऱ्या वैद्याला तसाच जाणवेल, याची हमी नव्हती. आणि या वर्षीचा हंस व गेल्या वर्षीचा हंस यांची तुलना करायला काही साधन नव्हते. गुण कळत होता, परिमाण कळत नव्हते.

परिमाणाची वाट इंग्लंडमधल्या विल्यम हार्वीने मोकळी केली. १६२८ साली त्याने रक्ताभिसरणावरचा आपला छोटा ग्रंथ फ्रँकफर्ट येथे छापला. त्याचा युक्तिवाद साध्या हिशेबाचा होता. हृदय प्रत्येक ठोक्याला थोडे थोडे रक्त बाहेर लोटते. ते अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी गुणले तर येणारा आकडा शरीरातल्या एकूण रक्ताहून मोठा होतो. अर्थात तेच रक्त फिरून फिरून हृदयात येत असले पाहिजे. हृदय हा पंप ठरला. आणि पंप म्हटला की त्याचा जोर किती, हा प्रश्न आलाच.

तो जोर प्रथम मोजला एका धर्मोपदेशकाने. लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी टेडिंग्टन नावाचे गाव आहे. स्टीफन हेल्स हा तिथला पाद्री. देवळातले काम आटोपले की हा गृहस्थ द्राक्षाच्या वेलीला काचेची नळी जोडून तिच्यातला रस किती वर चढतो ते पाहत बसे. तीच युक्ती त्याने प्राण्यांवर केली. एक घोडी आडवी पाडून बांधली, तिच्या मांडीजवळची धमनी उघडून तीत पितळेची नळी घातली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली. नळीत रक्त आठ फूट तीन इंच चढले आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली हेलकावत राहिले. १७३३ साली हेल्सने हा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचा शेजारी, कवी अलेक्झांडर पोप, याला हेल्स माणूस म्हणून प्रिय होता, पण त्याचे हे प्रयोग मुळीच रुचत नसत.

आठ फूट तीन इंच रक्त म्हणजे आजच्या भाषेत पाऱ्याचे सुमारे १९५ मिलिमीटर. स्वस्थ उभ्या असलेल्या घोडीच्या मानाने हा आकडा पुष्कळच मोठा आहे. याचे नवल वाटायला नको. जिला दोरखंडांनी जखडली आहे, जिची धमनी चिरली आहे, तिचे काळीज धडधडणारच. पृथ्वीतलावर रक्तदाबाचे जे पहिले माप घेतले गेले ते भेदरलेल्या जिवाचे होते, हे आपण ध्यानात ठेवू. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे हा दोरखंड थोडा थोडा सैल करण्यातच गेली आहेत.

नऊ फुटांची नळी घेऊन वैद्यकाचे काम चालणे शक्य नव्हते. ती अडचण फ्रान्सच्या प्वाझय याने दूर केली. १८२८ साली आपल्या प्रबंधात त्याने रक्ताच्या स्तंभाऐवजी पाऱ्याचा स्तंभ वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरापटीहून थोडा अधिक जड. त्यामुळे नऊ फुटांचे काम वीतभर नळीत होऊ लागले. आजही रक्तदाब 'पाऱ्याच्या मिलिमीटरां'त सांगतात तो त्याचाच वारसा. १८४७ साली जर्मनीच्या कार्ल लुडविगने फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ आपोआप उमटवणारे यंत्र केले. १८५६ साली लिआँ येथे फेव्र या शल्यवैद्याने अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या धमनीला पाऱ्याची नळी जोडली आणि माणसाचा दाब प्रथमच थेट मोजला. तो १२० मिलिमीटरांच्या आसपास भरला. १२० हा आकडा तेव्हापासून आपल्या संगतीला आहे.

पण दाब जाणून घेण्यासाठी धमनी चिरावी लागणार असेल तर ते ज्ञान रोग्याच्या काय कामाचे? म्हणून शोधकांची बुद्धी बाहेरून मोजण्याकडे वळली. कल्पना सोपी होती. धमनी बाहेरून दाबत जायचे. ज्या दाबाला नाडी थांबते तोच आतला दाब. व्हिएन्नाच्या फॉन बाश याने १८८१ साली पाण्याने भरलेली रबरी पिशवी मनगटाच्या धमनीवर दाबून हे साधले. ते माप तसे भरवशाचे नव्हते. खरी सुधारणा १८९६ साली इटलीत तुरीन येथे झाली. रीवा-रॉच्ची या तरुण डॉक्टराने मनगट सोडून दंड पकडला आणि दंडाभोवती सर्व बाजूंनी फुगणारा पट्टा बांधला. त्याचे साहित्य पाहा : सायकलच्या चाकातली रबरी नळी, एक शाईची दौत, तांब्याची नळी आणि थोडा पारा. आपल्या गल्लीतल्या सायकलदुकानदाराने मनात आणले असते तर हे सारे जमवून दिले असते. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी झाली की पाऱ्याचा आकडा वाचायचा. पट्टा अरुंद होता, त्यामुळे आकडा थोडा जास्त येई. तो दोष १९०१ साली फॉन रेकलिंगहाउझन याने रुंद पट्टा करून काढून टाकला. त्याच वर्षी अमेरिकन शल्यवैद्य हार्वी कुशिंग इटलीत गेला असता त्याने पाव्हिआच्या रुग्णालयात हे यंत्र पाहिले आणि तो ते अमेरिकेला घेऊन गेला.

बोटाने वरचा दाब कळे. दोन ठोक्यांच्या मधला, खालचा दाब मात्र नीट कळत नसे. तो ऐकू येतो, हे निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याला उमगले. रशिया-जपान युद्धातल्या जखमी शिपायांच्या फाटक्या धमन्यांवर उपचार करताना त्याला धमनीला नळी लावून ऐकण्याची सवय जडली होती. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यक अकादमीपुढे त्याने जे टिपण वाचले ते छापील एक पानदेखील भरत नाही. पट्टा फुगवून धमनी पुरती दाबली की काही ऐकू येत नाही; हवा सोडता सोडता पहिला टकटक आवाज येतो तो वरचा दाब; आवाज मावळतो तो खालचा दाब. एवढेच. जगात त्यानंतर वैद्यकावर लाखो पाने छापली गेली. परंतु या अपुऱ्या पानाइतका रोजच्या उपयोगाचा मजकूर त्यांत क्वचितच सापडेल. कोरोत्कोव्ह स्वत: १९२० साली क्षयाने वारला.

आकडा हाती आला, पण त्याचा अर्थ कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. आयुर्विम्याच्या कंपन्यांना तो आधी कळला. ज्यांचा दाब चढा ते लवकर मरतात, हे त्यांच्या हिशेबाच्या वह्यांनी त्यांना सांगितले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच अमेरिकेत विम्यासाठी रक्तदाब तपासण्याची प्रथा पडू लागली. डॉक्टरांचे मत मात्र पुष्कळ काळ निराळे होते. धमन्या कडक झाल्यावर मेंदूला व मूत्रपिंडाला रक्त पोचावे म्हणून शरीरच दाब वाढवते, तो कमी करणे म्हणजे शरीराच्या व्यवस्थेत ढवळाढवळ, असे मोठमोठे प्राध्यापक शिकवीत. १९३१ साली लिव्हरपूलच्या जॉन हे यांनी तर असे बजावले की, चढ्या दाबाचा खरा धोका तो सापडण्यातच आहे, कारण सापडला की कुणीतरी मूर्ख तो उतरवायला धावेल!

या मताची किंमत साऱ्या जगासमोर मोजली गेली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हृद्रोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी तपासले तेव्हा त्यांचा दाब १८६ वर १०८ होता. पुढे तो चढतच गेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांच्याबरोबर ते युद्धोत्तर जगाची मांडणी करीत होते तेव्हा त्यांच्या धमन्या फुटण्याच्या बेतात होत्या. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी आकडा ३०० वर १९० असा नोंदला गेला. वय अवघे त्रेसष्ट. जगातल्या सर्वांत बलाढ्य पुरुषाचा दाब रोज मोजला जात होता. विश्रांती, मीठ कमी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस, यांपलीकडे देण्यासारखे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

नेमक्या याच ठिकाणी आपला मुलूख या कथेत येतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. बिहारकडे तिला वेडावरची मुळी म्हणून ओळखत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबही उतरवते असे नोंदवले. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनी तिच्यावर प्रयोग केले. पण पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली ती १९४९ साली, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या रोग्यांवरील प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केल्यावर. वकील हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणारे हृद्रोगतज्ज्ञ. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते जगभर पसरले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे रेसरपिनचे उपद्रव, विशेषत: मनाला येणारी उदासी, ध्यानी आले आणि त्याहून चांगली औषधे निघाल्यावर ते मागे पडले. तरी या प्रकरणाचा धडा कायम आहे. मुळी तीच होती; तिच्या रक्तदाबावरच्या गुणाची साक्ष दिली ती दंडावरच्या पट्ट्याने. पट्टा नसता तर सर्पगंधा वेडावरची मुळी म्हणूनच राहिली असती.

त्यानंतर पुरावे झपाट्याने जमले. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि चढा दाब हा हृदयविकाराचा व पक्षाघाताचा अग्रदूत आहे, हे त्यातून निर्विवाद दिसले. १९६७ साली तिथल्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील प्रयोगाने सिद्ध केले की फार चढलेला दाब औषधाने उतरवला तर माणसे वाचतात. जॉन हे यांचा 'मूर्ख' अखेर शहाणा ठरला.

इथे आपली गोष्ट संपायला हवी होती. पण आरंभीचा प्रश्न अजून तसाच आहे : मोजलेला दाब कोणता?

मी माझ्या वडिलांचे उदाहरण देतो, त्याबद्दल क्षमा असावी. ते शाळामास्तर. स्वभाव शिस्तीचा. महिन्यातून एकदा सायंकाळी दवाखान्यात जात, बाकावर शांत बसत, आपली पाळी येईपर्यंत वर्तमानपत्र वाचीत. डॉक्टर पट्टा बांधीत, पारा पाहत आणि म्हणत, "मास्तर, उत्तम आहे." ते खरेच होते, त्या घटकेला तो उत्तमच असे. एका पहाटे आई चहा घेऊन गेली तेव्हा त्यांना उजवा हात उचलता येईना, आणि ज्या जिभेने तीन पिढ्यांना पाढे शिकवले ती जड झाली होती. त्यांचा दाब रात्री किती असे, पहाटे किती चढे, शाळेच्या वर्गात किती असे, हे कुणीच कधी पाहिले नव्हते. पाहण्याचे साधनच आमच्याजवळ नव्हते. साधन असते तर ते वाचले असते असे मी म्हणणार नाही; तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण महिन्यातल्या एका मिनिटावरून उरलेल्या साऱ्या मिनिटांचा न्याय झाला, एवढे मात्र खरे.

हीच शंका शास्त्रज्ञांनाही छळत होती. १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोत हिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याने अंगावर वागवण्याचे दाबमापक यंत्र तयार केले. पट्टा रोगी स्वत: फुगवी आणि आवाज फितीवर नोंदले जात. १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये बेव्हन, ऑनर आणि स्टॉट यांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या धमनीत बारीक नळी ठेवून दिवसरात्रीचा दाब टिपला. तेव्हा दिसले की दाब हा आकडा नसून प्रवाह आहे. तो झोपेत खोल उतरतो, पहाटे चढतो, रागाने उसळतो. १९८३ साली मिलानच्या मान्चिया यांनी आणखी गमतीचा प्रयोग केला. रोग्याच्या धमनीतला दाब सतत टिपला जात असताना डॉक्टर खोलीत शिरले. त्याबरोबर वरचा दाब पहिल्या चार मिनिटांत सरासरी सुमारे २७ मिलिमीटरांनी चढला. १९८८ साली न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंग यांनी दाखवून दिले की दवाखान्यात किंचित चढा दाब सापडलेल्या रोग्यांपैकी पाचांतील एकाचा दाब बाहेरच्या जगात ठीकच असतो. याला 'पांढऱ्या डगल्याचा रक्तदाब' असे नाव पडले. उलट, दवाखान्यात ठीक आणि बाहेर चढा, असेही लोक निघाले. हा 'झाकलेला' रक्तदाब अधिक घातकी, कारण त्याचा धनी निश्चिंत असतो. टेडिंग्टनची घोडी आणि आमचे वडील, ही एकाच दोषाची दोन टोके होत.

तेव्हा उपाय उघड होता : माणसाला न बांधता, न टोचता, न घाबरवता, त्याच्या नित्याच्या उद्योगात त्याचा दाब मोजायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत आपोआप फुगून पट्ट्यातल्या हवेच्या कंपनांवरून दाब काढणारी यंत्रे आली. आपल्या घरच्या कपाटात असणारी छोटी यंत्रे याच वंशातली. पण फुगणारा पट्टा रात्री दर अर्ध्या तासाने दंड आवळून झोप मोडतो, आणि मोडलेल्या झोपेचा दाब हा झोपेचा दाब नव्हे. म्हणून काहींनी पट्टा टाकूनच देण्याचा विचार केला.

त्यासाठी तीन जुन्या विद्या एकत्र आल्या. पहिली, तरंगाची. बागेतल्या रबरी नळीला एका टोकाशी हाताने धक्का दिला तर तो धक्का नळीभर पुढे जातो. नळी सैल असेल तर हळू, ताठ असेल तर वेगाने. धमनीचेही तसेच. १८७८ साली हॉलंडच्या मून्स आणि कोर्तेवेग यांनी नळीच्या ताठपणाचा आणि तरंगाच्या वेगाचा संबंध गणिताने मांडला. दाब वाढला की धमनी ताठते, तरंग लवकर पोचतो. तेव्हा हृदयाचा ठोका आणि बोटातली नाडी यांमधला क्षणाचा अंशांश मोजला तर दाबाचा अंदाज बांधता येईल. दुसरी विद्या प्रकाशाची. बोटावर उजेड पाडला तर ठोक्यागणिक रक्त भरते-ओसरते तसा परतणारा उजेड कमीजास्त होतो. अमेरिकेच्या आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७-३८ साली हे दाखवले. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्यावरूनच रक्तातला प्राणवायू मोजण्याची युक्ती काढली. करोनाच्या साथीत आपण घरोघरी बोटाला लावलेला चिमटा तो हाच. तिसरी विद्या बिनतारी संदेशाची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॉर्मन होल्टर यांनी हृदयाची विद्युत्‌रेघ बिनतारी पाठवून दाखवली, पण त्यासाठी पाठीवर सुमारे ३८ किलोंचे यंत्र बांधावे लागे! १९९० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीतून ब्लूटूथ ही हाताच्या अंतरावरची बिनतारी पद्धत निघाली, आणि दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाच्या टोपणनावाने नखाएवढ्या तुकड्यात ते ३८ किलो मावले.

मग बाजारात वस्तू येऊ लागल्या. २०१८ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जपानच्या ओम्रॉन कंपनीच्या मनगटी घड्याळाला परवानगी दिली. पण त्याच्या पट्ट्यात अजून फुगणारी पिशवी होती. २०२० साली दक्षिण कोरियाने सॅमसंगच्या घड्याळातल्या केवळ प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतीस मान्यता दिली. अट अशी की दर चार आठवड्यांनी दंडाच्या पट्ट्याशी ती जुळवून घ्यावी. २०२२ साली टेक्सासच्या संशोधकांनी गोंदणासारखी कातडीवर चिकटणारी ग्राफिनची पट्टी केली आणि तिने पाच तास सलग दाब टिपून दाखवला. २०२५ साली ॲपलच्या घड्याळाला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही आकडा सांगण्याची नव्हे, तर बऱ्याच दिवसांच्या नाडीवरून "आपला दाब चढा असावा, तपासून घ्या" अशी सूचना देण्यापुरती.

या शेवटच्या नम्रतेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पट्टा दाब मोजतो. घड्याळ दाबाचा अंदाज करते. पट्टा प्रत्यक्ष धमनी दाबतो, म्हणजे दाबाला दाब भिडतो. घड्याळ उजेडाचे लहरणे पाहते आणि त्यावरून हिशेब बांधते. हात हृदयाहून दहा सेंटिमीटर खाली गेला तरी सात-आठ मिलिमीटरांचा फरक पडतो. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. कातडीचा सावळेपणा उजेड शोषतो. प्राणवायूचा चिमटा कृष्णवर्णीयांच्या बाबतीत अधिक वेळा चुकतो, हे २०२० साली अमेरिकेत आकड्यांनिशी दिसून आले. आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी हा मुद्दा विसरता कामा नये. यंत्र कुणाच्या कातडीवर पारखले आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणखी एक फसगत अशी : पट्ट्याशी जुळवलेले घड्याळ कालचाच आकडा थोडा हलवून सांगत राहिले तरी ते बहुधा बरोबरच दिसेल, पण ज्या दिवशी दाब खरोखर उसळेल त्याच दिवशी ते चुकेल. याच कारणाने युरोपच्या रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ सालच्या आपल्या मार्गदर्शनात, निदानासाठी वा औषध ठरवण्यासाठी बिनपट्ट्याच्या साधनांवर विसंबू नये, असे सांगितले.

मग ही साधने टाकाऊ का? मुळीच नव्हे. रीवा-रॉच्चीचा पहिला पट्टाही अरुंद होता आणि जास्त आकडा दाखवीत होता. पाच वर्षांत तो सुधारला. या घड्याळांचीही पारख करण्याचे नियम तयार होत आहेत. परंतु आपण नागरिकांनी दोन गोष्टींचा विवेक ठेवला पाहिजे. एक, चिंतेचा. दर घटकेला मनगट पाहणारा माणूस स्वत:च स्वत:चा पांढरा डगला होऊन बसतो. पाहण्यानेच चढणारा दाब पाहून तो अधिक घाबरतो. दुसरी, मालकीची. पूर्वी वैद्य नाडी पाही आणि जे कळे ते पोटात ठेवी. आता आपल्या रात्रीच्या झोपेचा आणि दिवसाच्या संतापाचा हिशेब दूरदेशीच्या कोठारात जमा होतो. रक्तदाबाच्या आकड्याचा पहिला मोठा गिऱ्हाईक आयुर्विमा होता, हे मी मघाशी सांगितले. ते उगाच सांगितले नव्हते.

आणि तिसरी, सर्वांत मोठी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात तीस ते एकोणऐंशी वर्षांच्या सुमारे १२८ कोटी लोकांना चढा रक्तदाब होता. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना त्याची वार्ताही नव्हती, आणि तो ताब्यात होता तो पाचांतील एकाचाच. या कोट्यवधींना ग्राफिनचे गोंदण नको आहे. त्यांना वर्षातून एकदा दंडाला बांधलेला साधा पट्टा आणि पुढे नेमाने मिळणारी स्वस्त गोळी हवी आहे. भारतात २०१७ साली रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता. त्याचे सारे मर्म साधा पट्टा, ठराविक औषधे आणि आरोग्यसेविकेची नोंदवही यांतच होते. पाऱ्याची नळी मात्र आता इतिहासजमा होत आहे. पारा हे विष असल्याने २०१३ सालच्या मिनामाता करारान्वये पाऱ्याची दाबमापके २०२० नंतर बनवणे थांबवण्याचे ठरले. प्वाझयचा पारा गेला. त्याचे मिलिमीटर उरले.

श्रोतेहो, तीनशे वर्षांपूर्वी दोरखंडाने बांधलेल्या जिवापासून आपण निघालो आणि मोकळ्या हिंडणाऱ्या माणसापर्यंत येऊन पोचलो. दोरखंड सुटला हे खरेच. पण त्याच्या जागी एक दिसत नसलेला धागा आला आहे, आणि त्याचे दुसरे टोक कुणाच्या हाती आहे याकडे आपल्याला लक्ष ठेवावे लागेल. तोवर, आज इथून घरी गेल्यावर एक काम करावे अशी माझी विनंती आहे. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत तिथे उद्या सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटे शांत बसवून, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवून, दंडाला पट्टा बांधून त्यांचा दाब पाहावा. संध्याकाळी पुन्हा पाहावा. आणि दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहून ठेवावेत. मास्तरांच्या घरात अशी वही नव्हती.